चाळीस अक्षरांचं बारसं

आमच्या वाशीम जिल्ह्यात फोन कुठं पडला हे कळलं की महिना ओळखता येतो. जूनमध्ये तो तिफणीच्या मागं मातीत पेरला जातो. ऑगस्टमध्ये फवारणीच्या पंपात पाणी ओतायला वाकलेल्या माणसाच्या वरच्या खिशातून निसटतो आणि औषधासोबत ढवळला जातो. मे महिन्यात विहिरीत पाणी किती उरलंय हे टॉर्च लावून बघताना तो स्वतःच मोजायला खाली जातो. ऑक्टोबर मात्र सोयाबीनचा. सुडी मोडणाऱ्याचा फोन थ्रेशरच्या तोंडात गेला की दाणे एकीकडं पडतात, कुटार दुसरीकडं उडतं आणि फोन दोन्हीकडं निघतो.

आमच्या दाजींचा फोन असा दोन्हीकडं निघाला.

दाजी रिसोड तालुक्यातले, आक्काचे यजमान, आणि फोन आयफोन. हिंजवडीला नोकरी करणाऱ्या भाच्यानं नवा घेतला आणि जुना वडिलांना दिला. शेत बापाकडून मुलाकडं जातं, आयफोन मुलाकडून बापाकडं येतो. दोन्ही बाबतीत मिळणाऱ्याला ते जरा आधीच मिळायला हवं होतं असं वाटत राहतं. फोनचे तुकडे रुमालात बांधून दाजी वाशीमला आले. पाटणी चौकातल्या दुकानदारानं रुमाल उघडला, आदरानं परत बांधला आणि विचारलं, "बॅकअप आहे का?"

हा प्रश्न आला की माणसाच्या चेहऱ्यावर एक वेगळंच तेज येतं. बॅकअप आहे असं म्हणणारी माणसं जिल्ह्यात गावोगावी भेटतील, पण तो उघडून बघितलेला माणूस भेटायचा म्हणजे सहाही तालुके पालथे घालावे लागतील. एक जण पेन ड्राइव्हवर बॅकअप ठेवतो आणि पेन ड्राइव्ह कुठं ठेवला हे फोनमध्ये लिहून ठेवतो. दुसऱ्याचा भरवसा व्हॉट्सॲपवर. ते रोज रात्री दोन वाजता गपचूप बॅकअप घेतं आणि अँड्रॉइडवाल्यांच्या बाबतीत तो त्याच फोनमध्ये ठेवतं. आमच्याकडं शेतीची लाइन पुष्कळदा रात्रीच येते, त्यामुळं दोनच्या सुमाराला हरभऱ्याचं ओलीत आणि गप्पांचा बॅकअप एकाच वेळी चालू असतात. फोन पाटात पडला की दोन्ही एकाच दिशेनं वाहतात.

दाजींचा बॅकअप मात्र खरा होता आणि तो माझ्या घरी होता. आदल्या दिवाळीत भाचा आला होता तेव्हा त्यानं वडिलांचा फोन माझ्या कॉम्प्युटरला जोडून आयट्यून्समधून बॅकअप घेतला होता. इतिहासाचा निवृत्त मास्तर आणि घरात कॉम्प्युटर, एवढ्या भांडवलावर मी आमच्या नात्यागोत्यात तंत्रज्ञ म्हणून ओळखला जातो. संध्याकाळी दाजी आणि आक्का माझ्याकडं आले. मागून शेजारचे दोघे आले. त्यांचं काही हरवलं नव्हतं, पण दुसऱ्याचं सापडताना बघायला त्यांना आवडतं.

"मास्तर, बाकी काई नाई निंघालं तरी चालते," दाजी म्हणाले, "धुऱ्याचा फोटो तेवढा काढून द्या."

धुरा म्हणजे आमच्याकडं शेताचा बांध. दाजींचे चुलतभाऊ दर पेरणीला एक तास इकडं सरकतात. तास म्हणजे नांगराची रेघ. पण चाळीस वर्षं सरकत राहिलं तर रेघेचं वावर होतं. शेवटी मे महिन्यात सरकारी मोजणी झाली, दगड रोवला गेला, आणि दाजींनी फोटो काढला. मोजणीची क प्रत दाजींच्या कपाटात आहेच. पण क प्रतीत चुलतभावाचं तोंड दिसत नाही. फोटोत ते दगडाला खेटून उभे आहेत आणि चक्क हसतायत. दाजींच्या मते कोर्टात त्या हसण्याला किंमत आहे.

आक्काला वेगळंच हवं होतं. आमच्या आईनं जायच्या आधीच्या वर्षी दाजींना व्हॉट्सॲपवर बोलून पाठवलेला एक निरोप. त्यात आईनं दाजींना चांगलं झाडलं होतं. "ते नाई सापडलं तरी चालते," दाजींनी मला हळूच सांगितलं.

आता हा बॅकअप कुठं असतो? विंडोजमध्ये तो मुद्दाम नजरेआड ठेवलेला असतो. आधी लपवलेली फोल्डरं दिसू दे असं कॉम्प्युटरला सांगायचं, मग ॲपडेटा, त्यात रोमिंग, त्यात ॲपल कॉम्प्युटर, त्यात मोबाइलसिंक, आणि मग बॅकअप. मी 'रोमिंग'वर क्लिक केलं तसे दाजी ताठ झाले.

"रोमिंगचे पैसे लागतीन काय?"

नाही म्हटल्यावर ते खुर्चीत मागं टेकले आणि मी बॅकअपमधलं त्यांच्या फोनचं फोल्डर उघडलं. आत दोनशे छप्पन्न फोल्डरं. नावं शून्य-शून्यपासून एफ-एफपर्यंत. एकात शिरलो तर आत फायली, आणि प्रत्येक फाइलीचं नाव चाळीस अक्षरांचं: शून्य ते नऊ आकडे आणि ए ते एफ अक्षरं यांची नुसती भेळ. पुढं जेपीजी नाही, एमपीफोर नाही, तारीख बॅकअपची, आणि चित्राच्या जागी कोरा कागद. फोटो, एसएमएस, अलार्मची घंटा, कुठल्यातरी गेममधली कोंबडी, सगळ्यांना एकाच पट्टीनं मोजून चाळीस अक्षरं. एवढी समता मी आमच्या जिल्ह्यात दुसरीकडं कुठं बघितलेली नाही.

हे बारसं कसं होतं तेही सांगून ठेवतो. फाइल फोनमध्ये ज्या पत्त्यावर राहत होती तो अख्खा पत्ता घ्यायचा आणि एसएचए-वन नावाच्या गणिती चरकातून काढायचा. चाळीस अक्षरं बाहेर पडतात, तेच नाव. पत्त्यावरून नाव काढता येतं. नावावरून पत्ता काढता येत नाही. टपाल खात्यानं ही पद्धत घेतली तर पोस्टमन पहिल्याच दिवशी राजीनामा देईल. हा चरक १९९५ साली अमेरिकेत प्रमाण ठरला, आणि दोन वेगळ्या फायलींना एकच नाव मिळू शकतं हे गुगल आणि ॲम्स्टरडॅमच्या एका संशोधन संस्थेनं करून दाखवायला २०१७ साल उजाडलं. त्यासाठी त्यांना प्रचंड संगणकशक्ती लागली. आमच्या गावच्या मतदारयादीत एका नावाचे दोन जण पहिल्याच पानावर सापडतात आणि त्यातला एक तर मतदानही दोघांचं करतो.

कोणतं नाव कुणाचं याची यादी असते. मॅनिफेस्ट डॉट डीबी नावाच्या एका फाइलीत. ती शाबूत असेल तर बॅकअप म्हणजे फोन, नाहीतर नुसतं कुटार. हे आमच्या जिल्ह्याला नवं नाही. कारंजा लाडच्या जैन भांडारांत शेकडो वर्षं पोथ्या राखलेल्या होत्या. पण रायबहादूर हिरालाल यांनी मध्य प्रांत आणि वऱ्हाडातल्या संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची सूची १९२६ साली छापली तेव्हा बाहेरच्या विद्वानांना कळलं की कारंज्यात काय काय आहे. मग अमरावतीच्या कॉलेजातले प्राध्यापक हिरालाल जैन (हे वेगळे, मतदारयादीचं म्हटलंच) यांनी तिथल्या अपभ्रंश काव्यांवर काम सुरू केलं आणि १९३०च्या दशकात कारंजा ग्रंथमालेतून हजारेक वर्षांपूर्वीचे कवी छापून बाहेर पडले. राखणारे पुष्कळ होते, यादी करणारा यावा लागला.

आमची मॅनिफेस्ट होती, पण ती उघडेना. एक दांडगी फाइल निवडून तिला शेवटी जेपीजी जोडून बघितलं, तीही उघडेना. भाच्याला फोन लावला. तो मीटिंगमध्ये होता. हिंजवडीची पोरं कायम मीटिंगमध्ये असतात. काम केव्हा करतात हे मला कळलेलं नाही, पण पगार होतो म्हणजे करत असतील. अर्ध्या तासानं त्याचा फोन आला.

"मामा, अहो तो एन्क्रिप्टेड आहे. मी टिक केलं होतं. नाहीतर सेव्ह केलेले पासवर्ड आणि हेल्थचा डेटा बॅकअपमध्ये येतच नाही."

हेल्थचा डेटा म्हणजे दाजी रोज किती पावलं चालले. ही माहिती कुलपात असावी हे दाजींना एकदम पटलं. शेतात जातो म्हणून निघालेला माणूस रिसोडच्या हॉटेलापर्यंतच गेला होता, हे पावलांवरून सहज निघतं.

"मग पासवर्ड सांग."

पलीकडं शांतता. "सांगत नाही, पाठवतो. फक्त तुम्हीच बघा."

पासवर्ड आला. आक्का माझ्या मागंच उभी होती. पासवर्ड म्हणजे एका मुलीचं नाव आणि पुढं एक-दोन-तीन. हा पासवर्ड विसरला असता तर ॲपल कंपनीलाही बॅकअप उघडता आला नसता, असा तो कडेकोट. पण आक्कानं त्या एका शब्दावरून पुढच्या दहा मिनिटांत मुलीचं गाव, शिक्षण आणि वडिलांची नोकरी एवढं सगळं फोनवरून भाच्याकडून काढून घेतलं. त्यासाठी तिला कुठलंही सॉफ्टवेअर लागलं नाही. भाच्याचं एवढंच म्हणणं होतं की ही जुनी गोष्ट आहे. आक्का म्हणाली, "जुनी असती तं बदलवला असता पासवर्ड."

सॉफ्टवेअरची कथा वेगळी. इंटरनेटवर अशा कामाचे कितीतरी प्रोग्रॅम 'फुकट' म्हणून मिळतात. ते सगळं शोधतात, सगळं दाखवतात, आणि 'काढून दे' म्हटलं की डॉलर मागतात. शेवटी भाचाच पुण्याहून रिमोटनं माझ्या कॉम्प्युटरमध्ये शिरला. खरोखर फुकट असलेला एक प्रोग्रॅम त्यानं उतरवला आणि पडद्यावर बाण आपोआप फिरायला लागला. खोलीत सगळे गप्प. दाजी बराच वेळ त्या बाणाकडं बघत राहिले.

"पुन्याहून उंदीर हालवते पोट्टं," ते म्हणाले, "घरी येऊन वखर हालवत नाई."

मधे एकदा वीज गेली. इन्व्हर्टर तीन माणसं आणि एक पंखा एवढ्यापुरताच होता, म्हणून पंखा बंद केला आणि काम पुढं चालू ठेवलं. रात्री केव्हातरी पडद्यावर 'पूर्ण' असं आलं, आणि दाजींचं एक अख्खं वर्ष माझ्या डेस्कटॉपवर येऊन पडलं.

ते बघण्यासारखं होतं. आपण समजतो माणसाच्या फोनमध्ये नातवंडं असतील, देवदर्शन असेल. दाजींच्या फोनमध्ये बियाण्याच्या बॅगा होत्या. प्रत्येक बॅगेचं लेबल, लॉट नंबरसकट, कारण उगवलं नाही तर तक्रारीला टॅग आणि पावती लागते. मग डीएपीच्या गोणीचं बिल. मग सोयाबीनचं पिवळं पडलेलं पान, वरून, खालून, हातात धरून, आणि हात थरथरल्यामुळं नुसताच पिवळा रंग. हे सगळे कृषी सहायकाला पाठवलेले. मग तिरपी झालेली विजेची डीपी. मग पाणी साचलेलं वावर, एकाच जागेवरून सतरा वेळा, कारण तेव्हा पीकविम्याला बहात्तर तासांत कळवावं लागायचं आणि फोटो अपलोड होत नव्हता. मग ई-पीक पाहणीचं ॲप नीट चालत नसल्याचे फोटो. एक बैल विकायच्या आदल्या दिवशीचा. त्याच्यापुढं खिशातून निघालेले काळेकुट्ट फोटो रांगेनं. कुणीतरी पाठवलेली शुभ सकाळ इतकी होती की वर्षभरात दाजींची एकही सकाळ अशुभ जायला जागा नव्हती.

शेजारच्या दोघांपैकी एकाला त्यात स्वतःचं वावर दिसलं. "माह्या तुरीचा फोटो तुम्ही कावून काढला?" दाजी म्हणाले, चुकून निघाला असल. फोटो नीट फोकस केलेला होता. पुढं दोघं बराच वेळ तुरीवर बोलले.

आवाजाच्या फायली वेगळ्या निघाल्या. त्यांना नाव नाही, धनी नाही. एकेक वाजवून बघणं एवढाच उपाय. मग आम्ही ऐकत बसलो. थ्रेशरवाला: उद्या येतो. थ्रेशरवाला: परवा येतो. कृषी केंद्रवाला, उधारीबद्दल, आधी प्रेमानं आणि नंतरच्या फाइलीत नावानं. कुणीतरी म्हातारा नुसताच "हालो... हालो... हे बंद कसं होते बे" म्हणून दोन मिनिटं श्वास घेतोय. आणि मग एकदम आईचा आवाज.

"जवाईबापू, अहो वावर काय पयून जाते काय? आले, पानी पेले, चालले. लेकीच्या घरी जेवत नाई मी, मान्य हाय. तुमचं काय अडलं सासूच्या घरी जेवाले? वरन पातळ झालं व्हतं, मले मालूम हाय. मंग तोंडानं सांगा नं."

दाजी छताकडं बघत होते. आक्का म्हणाली, पुन्हा लाव. पुन्हा लावलं. तिसऱ्यांदा दाजींनीच लावायला सांगितलं, वरणाचं वाक्य नीट ऐकायचं म्हणून. "पातळ नव्हतं वरन," ते म्हणाले. "त्या दिवशी खरंच काम व्हतं." हे सांगायचं राहून गेलं होतं, ते त्यांनी कॉम्प्युटरच्या स्पीकरला सांगितलं.

धुऱ्याचा फोटो मात्र नव्हता. सगळी फोल्डरं चाळली, तारखेनं लावली, आकारानं लावली. मग ध्यानात आलं की बॅकअप दिवाळीतला आणि मोजणी त्यानंतरच्या मे महिन्यातली. दाजींना हे समजावून सांगितलं.

"म्हंजे जे हाय ते मले नाई पायजे, अन पायजे ते हाय नाई."

"हो."

"मंग त्याले बॅकअप कायले म्हन्ते?"

आता मी मास्तर. अशा वेळी गप्प बसवत नाही. दाजींना म्हटलं, तुम्हाला जमिनीचा कागदच टिकवायचाय ना? मग तांब्यावर कोरायला हवा होता. आपलं वाशीम म्हणजे वाकाटकांचं वत्सगुल्म, त्यांच्या एका शाखेची राजधानी. त्या शाखेचा राजा विंध्यशक्ती दुसरा यानं आपल्या कारकिर्दीच्या सदतिसाव्या वर्षी एक गाव दान दिलं आणि ते ताम्रपटावर कोरून ठेवलं, थोडं संस्कृतात आणि बाकी प्राकृतात. सुमारे साडेपंधराशे वर्षांनी, १९३९ मध्ये, तो ताम्रपट वाशीमला उजेडात आला. पासवर्ड नाही, चार्जिंग नाही. वाकाटकांची अशी वेगळी शाखा इथं नांदली हे त्याच्यामुळं इतिहासकारांना कळलं. म्हणजे अख्खं राजघराणं एका फाइलीतून रिकव्हर झालं.

दाजींनी लक्षपूर्वक ऐकलं. "मंग ते गाव आता कोनाच्या नावावर हाय?"

ह्याचं उत्तर ताम्रपटात नाही. विषय बदलावा म्हणून मी दाजींना त्या शाखेच्या मूळपुरुषाची, सर्वसेनाची, गोष्ट सांगितली. हा राजा कवी होता. त्यानं 'हरिविजय' नावाचं प्राकृत काव्य लिहिलं: कृष्ण रुसलेल्या सत्यभामेसाठी स्वर्गातून पारिजात आणतो त्याची कथा. ते काव्य पुरतं हरवलं. एकही पोथी सापडलेली नाही. आज त्यातलं जे काही हाती आहे ते कशामुळं? पुढं शेकडो वर्षांनी भोजासारख्या काव्यशास्त्रकारांनी उदाहरणं द्यायला म्हणून त्यातले श्लोक आपापल्या ग्रंथांत उतरवून घेतले. ते गोळा करत गेलं तर काव्याचा थोडाफार अंदाज येतो. राजानं काय जपून ठेवलं होतं ते गेलं; लोकांनी जे पुढं पाठवलं तेवढं राहिलं.

दाजी सावरून बसले. "म्हंजे फॉरवर्ड केलेलं."

"फॉरवर्ड केलेलं."

"मंग आपला फोटोई हाय." ते उठलेच. "मी तो त्यालेच पाठवला व्हता! मोजनीच्या दिवशीच. खाली लिवलं व्हतं, हा घे पुरावा."

त्यालेच, म्हणजे चुलतभावाला. अख्ख्या जगात त्या पुराव्याची एकुलती एक प्रत आता प्रतिवादीच्या फोनमध्ये होती. ती मागायची कशी, यावर रात्री बारापर्यंत चर्चा झाली. दाजींचं म्हणणं, मी बोलत नाही त्याच्याशी. आक्काचं म्हणणं, बोलू नका, नुसतं मागा. शेजारच्याचं म्हणणं, असं सांगा की फोटो छान आलाय, फ्रेम करायचाय. शेवटी आक्कानंच जावेला फोन केला. थ्रेशरमध्ये फोन गेला, सगळे फोटो गेले, सांगताना ती खरोखर रडवेली झाली, आणि जाताजाता तो मोजणीच्या दिवशीचा फोटो, त्यात भाऊजी काय देखणे दिसत होते, तेवढा पाठवा म्हणाली. जाऊबाई म्हणाल्या, पाठवायला सांगते.

दोन दिवसांनी माझ्या फोनवर फोटो आला. दाजी नवीन सिमसाठी वाशीमला आलेलेच होते. चुलतभावानं मन मोठं करून पाठवला होता. मागं बाभूळ, बाजूला मोजणीवाले साहेब, मधोमध स्वतः चुलतभाऊ, पांढरी टोपी, हसू अगदी जसंच्या तसं. फक्त फोटो त्यांच्या गुडघ्यापाशी संपला होता.

दाजींनी पडद्यावर बोट ठेवून चित्र खाली ओढून बघितलं. मग आणखी एकदा ओढलं.

"मास्तर," ते म्हणाले, "हे उरलेलं कोन्त्या फोल्डरात असल?"